काळ्यावर गडद निळं

आज जरा तांत्रिक लिहिणार आहे. मावशी आणि नाशिकची मंडळी, लगेच पळू नका. वाटेत पोथ्या आहेत, हरताळ आहे, आणि माझी फजितीसुद्धा आहे. ती वाचायला तुम्हाला आवडेलच.

फजितीपासूनच सुरुवात करतो. साल २००७. एका छोट्या कंपनीत मी सर्व्हर सांभाळायचो. म्हणजे काय, तर विंडोजवर ‘पुटी’ नावाची काळी खिडकी उघडायची, त्यातून लिनक्सच्या मशीनवर लॉगिन करायचं, आणि ‘विम’ नावाच्या एडिटरमध्ये फायली उघडून दुरुस्त्या करायच्या. माउस नाही, मेनू नाही, नुसती अक्षरं. एका संध्याकाळी डिस्क भरत आली म्हणून रात्रीच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमधला एक पाथ मी बदलला. त्या ओळीच्या वर चार ओळींची एक कॉमेंट होती. (कॉमेंट म्हणजे संगणक जे वाचत नाही ते, फक्त पुढच्या माणसासाठी लिहिलेलं.) माझ्या पडद्यावर ती काळ्यावर गडद निळ्या रंगात होती. पाटीवरचं ओल्या फडक्याने पुसलेलं अक्षर जसं राहतं ना, तसं काहीतरी दिसत होतं. नेहमीचं असेल काहीतरी, म्हणून मी पुढे गेलो.

त्या कॉमेंटमध्ये लिहिलं होतं की हा पाथ बदलाल तर दुसऱ्या एका स्क्रिप्टमध्येही बदला, नाहीतर बॅकअप कुठलीही तक्रार न करता पूर्ण होईल आणि रिकामा असेल.

तिसऱ्या दिवशी डिस्क गेली. तीन दिवसांच्या नोंदी गेल्या. आमच्या हिशेबखात्यातल्या काकूंनी कागदी व्हाउचरं पुढ्यात घेऊन दोन संध्याकाळी उशिरापर्यंत बसून त्या सगळ्या पुन्हा भरल्या. मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी सातच्या सुमाराला विचारलं, “तुम्ही चहा घेणार का?” त्या चहाची चव मला अजून आठवते.

ज्या सरांनी ती स्क्रिप्ट लिहिली होती ते तोवर दुसऱ्या गावी गेले होते. मी फोन केला आणि धीर करून म्हटलं, “सर, इतकी महत्त्वाची सूचना, पण ती दिसतच नाही हो.” तर ते म्हणाले, “अरे, निळ्या रंगात ढळढळीत दिसते की!”

आणि ते खरं होतं. त्यांच्या मशीनवर टर्मिनलची पार्श्वभूमी पांढरी होती. पांढऱ्यावर गडद निळं म्हणजे वहीत शाईने लिहिल्यासारखं. पानावर सगळ्यात आधी डोळा जाईल तो तिथेच. तीच फाइल, तोच एडिटर, तेच सेटिंग. त्यांनी जे ठळक लिहिलं ते माझ्याकडे येईपर्यंत अदृश्य झालं होतं. हा निळा नेमका आला कुठून, हे तेव्हापासून डोक्यात होतं. गेली काही वर्षं सवड मिळेल तसं वाचत गेलो, ते आज इथे मांडतो.

मुळात टर्मिनलला रंगच नव्हते. विमचा पूर्वज व्हीआय. तो बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीला लिहिला, लिअर सिगलर कंपनीच्या एडीएम-३ए या टर्मिनलवर. त्या टर्मिनलच्या एच, जे, के, एल या चार कळांवर बाण छापलेले होते, म्हणून आजही विममध्ये कर्सर त्याच कळांनी हलतो. पडद्यावर एकच रंग, काळ्यावर चमकणारा फॉस्फर. १९७८ मध्ये डेक कंपनीचा व्हीटी१०० आला. तोही एकरंगीच, पण ‘एस्केप’ चिन्हाने सुरू होणाऱ्या आज्ञा त्याला समजायच्या: ठळक कर, अधोरेखित कर, उलटं करून दाखव. पुढच्या वर्षी, १९७९ मध्ये, अमेरिकेत या आज्ञांचं मानक ठरलं आणि त्यात रंगांनाही जागा मिळाली. आज्ञा क्रमांक ३० ते ३७ अक्षरांसाठी, ४० ते ४७ पार्श्वभूमीसाठी. रंग आठ.

आठच का? तीन दिवे समजा: लाल, हिरवा, निळा. प्रत्येक एकतर चालू किंवा बंद. दोन गुणिले दोन गुणिले दोन. लालला १ धरा, हिरव्याला २, निळ्याला ४. लाल आणि हिरवा मिळून ३ म्हणजे पिवळा. लाल आणि निळा मिळून ५ म्हणजे किरमिजी. सगळे मिळून ७ म्हणजे पांढरा. किती सुटसुटीत! पण यात एक गोम आहे. मानकाने फक्त नावं दिली. ‘४ म्हणजे निळा’ एवढंच. कुठला निळा ते प्रत्येक टर्मिनल बनवणाऱ्यावर सोडलं. आपल्याकडे दुकानात जाऊन नुसतं “निळं कापड द्या” म्हटलं तर दुकानदार चार ठाण पुढ्यात टाकतो आणि विचारतो, “आकाशी, मोरपंखी, की नेव्ही?” इथे विचारणारं कुणी नव्हतं. आयबीएमच्या व्हीजीए कार्डावर तो निळा ० ते २५५ च्या मापात १७० झाला. पुटीने १८७ घेतला. विंडोजच्या कन्सोलने १२८. ही तफावत इतकी वर्षं तशीच चालत राहिली. मायक्रोसॉफ्टने तो १२८ वाला निळा बदलून उजळ केला तो थेट २०१७ मध्ये, आणि कारण हेच, की आधुनिक पडद्यांवर तो वाचता येत नाही!

आयबीएमवरून आठवलं. १९८१ च्या त्यांच्या पीसीवर हेच आकडे उलट्या क्रमाने होते, निळा १ आणि लाल ४. शिवाय सहाव्या क्रमांकाचा गडद पिवळा त्यांना शेवाळी दिसायला लागला, म्हणून त्यांच्या रंगीत मॉनिटरमध्ये खास त्या एका रंगापुरतं हिरव्याचं प्रमाण अर्ध्यावर आणणारं सर्किट घातलं. झाला तपकिरी. त्यामुळे विममध्ये अजूनही ‘ब्राउन’ आणि ‘डार्क यलो’ ही एकाच रंगाची दोन नावं आहेत, आणि रंगांच्या आकड्यांचे दोन वेगळे तक्ते मदत-पानांत शेजारी शेजारी छापलेले आहेत. पहिल्यांदा ते वाचताना मला वाटलं होतं की छपाईची चूक आहे. चूक नाही, भाऊबंदकी आहे.

पण सगळा दोष निळ्याच्या छटेचाही नाही. थोडा आपल्या डोळ्याचा आहे. पडद्याच्या तीन दिव्यांपैकी आपल्याला जाणवणाऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१, आणि निळ्याचा जेमतेम ७. शिवाय डोळ्याच्या पडद्यावर जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते त्या बिंदूच्या अगदी मध्यभागी निळा ओळखणाऱ्या पेशी जवळपास नसतातच. म्हणून निळी बारीक अक्षरं आपण पूर्ण ताकदीने बघूच शकत नाही. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या नियमांत (२००८ ची आवृत्ती) साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ पट फरक हवा असं म्हटलंय. त्याच सूत्राने मी पुटीच्या निळ्याचा काळ्याशी हिशेब केला. आला १.७. विंडोजच्या जुन्या निळ्याचा तर १.३. म्हणजे जवळजवळ नसल्यात जमा. हा हिशेब मी घटनेनंतर कितीतरी वर्षांनी केला, तरी का कोण जाणे, बरं वाटलं.

आता पोथ्या.

मजकुराला अर्थाप्रमाणे रंग देणं ही संगणकाची कल्पना अजिबात नाही. आजोळी माळ्यावर लाल फडक्यात गुंडाळलेली हस्तलिखित पोथी होती, भावंडांना आठवत असेल. मजकूर काळ्या शाईत, पण ‘उवाच’ आणि ओव्यांचे आकडे, अध्यायाच्या शेवटची ‘इति श्री’ हे लाल. ज्या काळी शब्दसुद्धा तोडून लिहीत नसत, सलग मजकुराची भिंतच्या भिंत असायची, तिथे बोलतंय कोण आणि संपलं कुठे हे शोधायला तोच एक आधार. ती लाली कुठे हिंगुळाची, कुठे नुसता गेरू चोळलेला. आणि लेखनिकाचं चुकलं की त्या अक्षरांवर हरताळाचा लेप द्यायचा. हरताळ हे पिवळं खनिज आहे. त्याची पूड डिंकात कालवून फासली की खालचं झाकलं जातं. ‘हरताळ फासणे’ म्हणजे केलेलं सगळं पुसून टाकणे, हा आपला वाक्प्रचार तिथूनच आला. (बंद पाळतात तो हरताळ वेगळा, तो गुजरातीतल्या ‘हडताळ’चा भाऊ.) म्हणजे लाल हे लक्ष वेधायला आणि पिवळं हे रद्द करायला, असा दोन रंगांचा शिरस्ता आपल्याकडे छापखान्याच्या आधीपासून होता. त्याला व्हाउचरं पुन्हा भरावी लागली नाहीत, कारण शाई कुठल्या कागदावर पडणार हे लेखनिकाला माहीत असायचं.

संगणकावर हे रंगकाम पहिल्यांदा गंभीरपणे केलेल्या एडिटरांत लेक्स हा एक. १९८५ मध्ये माइक काउलिशॉ यांनी तो ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संगणकीकरणासाठी लिहिला. शब्दकोशातली एकेक नोंद म्हणजे उच्चार, व्युत्पत्ती, अर्थ, अवतरणं यांची खिचडी, आणि ती निवडायची तर प्रत्येकाला रंग हवा. म्हणजे इथेही निमित्त पोथीचंच, फक्त ती इंग्रजी होती. मला ही गोष्ट फार आवडते.

विम मात्र थोडा उशिरा रंगला. नेदरलंड्सचे ब्राम मोलेनार यांनी तो अमिगा संगणकासाठी लिहायला घेतला आणि १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांना दिला. रंगीत मजकूर आला तो १९९८ च्या ५.० आवृत्तीत. तिथे एक फार शहाणपणाचा निर्णय झाला. प्रत्येक भाषेची व्याकरण-फाइल फक्त एवढंच सांगते की ही कॉमेंट, ही संख्या, हा आज्ञावाचक शब्द. कॉमेंट कुठल्या रंगाची, याच्याशी तिचा संबंध नाही. ते दुसऱ्याच ठिकाणी ठरतं. मधे फक्त मोजकी नावं: कॉमेंट, कॉन्स्टंट, स्टेटमेंट, टाइप, एरर, टूडू अशी दहाबारा. एकाने अर्थ सांगायचा, दुसऱ्याने शाई निवडायची. सप्टेंबर २००१ मधल्या ६.० आवृत्तीत त्या शाईच्या निवडीला स्वतंत्र फाइल मिळाली आणि ‘कलरस्कीम’ नावाची आज्ञा मिळाली. सोबत आलेल्या रंगसंगतींची नावं बघा: रॉन, पाब्लो, मर्फी, एल्फलॉर्ड... रॉन हे तर बनवणाऱ्याचंच नाव. बारशाला आत्याने स्वतःचंच नाव ठेवावं तसं.

आणि माझा निळा? विमला रंग निवडण्याआधी एक अंदाज करावा लागायचा: पार्श्वभूमी उजळ की गडद? टर्मिनलने स्वतःची ओळख ‘लिनक्स’ किंवा ‘पुटी’ अशी सांगितली तर तो गडद धरायचा. इतर बहुतेकांना उजळ. गंमत अशी की पुटी स्वतःची ओळख ‘एक्सटर्म’ अशी सांगते! तेव्हा विमने समोर पांढरा कागद आहे असं धरलं, आणि पांढऱ्या कागदासाठी कॉमेंटची ठरलेली शाई म्हणजे ‘डार्क ब्लू’. गडद पार्श्वभूमी धरली असती तर फिकट आकाशीत दिसली असती. उपाय म्हणजे घरच्या डिरेक्टरीतल्या विमआरसी फाइलमध्ये एकच ओळ, की बॅकग्राउंड हे ‘डार्क’ समज. फक्त एक ओळ हो! नंतरच्या आवृत्त्या अंदाज न करता थेट टर्मिनललाच विचारतात की बाबा तुझा कागद कुठल्या रंगाचा. २००७ मध्ये कुणी विचारत नव्हतं.

ती ओळ घातली आणि मग मला नादच लागला. बाहेरची रंगसंगती बसवायची पद्धत अगदी सोपी आहे. डॉट-विम नावाच्या फोल्डरमध्ये ‘कलर्स’ नावाचा फोल्डर करायचा, मिळालेली फाइल त्यात टाकायची, एडिटरमध्ये कोलन देऊन कलरस्कीम आणि त्या फाइलचं नाव लिहायचं. मी पहिली बसवली ती झेनबर्न, फिनलंडच्या यानी नुर्मिनेन यांची २००२ ची. राखाडीवर मऊ रंग, रात्री डोळ्यांना थंडावा. पण आठ रंगांच्या टर्मिनलवर ती चालत नाही, तिला २५६ लागतात. आधीचे १६, मग सहा गुणिले सहा गुणिले सहा असे २१६, आणि २४ करडे. एक्सटर्ममध्ये ही सोय १९९९ मध्येच आली होती, पण टर्मिनलला येतंय हे विमला कळवायला वेगळी खटपट. एक अख्खा रविवार त्यात गेला. घरच्यांना वाटलं मी ऑफिसचं काम करतोय. (नव्हतो.)

मग २०११ मध्ये ईथन शूनओव्हर यांची सोलराइज्ड आली आणि सगळीकडे तीच दिसू लागली. सोळाच रंग, पण ‘निळा’ म्हणजे कुठला हे पहिल्यांदा कुणीतरी नीट मोजून ठरवलेलं. पडद्याच्या आकड्यांनी न मोजता, माणसाच्या डोळ्याला किती उजळ वाटतं त्या मापाने. काळी आणि पांढरी अशा दोन्ही बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा: पार्श्वभूमी उलटवली तरी अक्षराचा उठाव तेवढाच राहतो. सर आणि मी, दोघांनाही सारखंच दिसलं असतं! त्यांची कल्पना उन्हात पुस्तक वाचण्याऐवजी झाडाच्या सावलीत वाचण्याची होती. पांढऱ्यावर काळं म्हणजे भर ऊन.

तरी माझं त्या रंगसंगतीशी पूर्ण जमलं नाही. एक तर टर्मिनलचे सोळा रंग मुळातूनच बदलावे लागायचे. त्यांनी ‘उजळ’ रंगांच्या बहुतेक जागा करड्या छटांना दिल्या होत्या, त्यामुळे दुसरा एखादा प्रोग्रॅम उजळ हिरवा मागायचा आणि त्याला राख मिळायची. ते सोडा. खरी तक्रार वेगळी आहे. गडद बाजूचा साधा मजकूर मी त्याच सूत्राने मोजला तर ४.७५ येतो, नियमात बसतो. कॉमेंटचा आला २.८. एवढा मोजूनमापून काम करणारा माणूस, पण कॉमेंट त्यालाही मागे ढकलावीशी वाटली. यांत एकटे तेच नाहीत. बहुतेक रंगसंगती कॉमेंटला करडं करतात, जणू ती कोडच्या वाटेतली अडगळ आहे. संगणक ती वाचत नाही हे खरं. पण तेवढंच तर एक माणसाने माणसाला लिहिलेलं असतं. हे मत माझं, आणि ते तीन दिवसांच्या व्हाउचरांवर बनलेलं आहे. तरुण सहकारी हसतात. हसोत.

म्हणून मी स्वतःची दुरुस्ती लिहायला बसलो. रंगसंगती कुठलीही असो, कॉमेंट मात्र २५६ मधल्या २२० क्रमांकाच्या पिवळ्यात. एक ओळ लिहिली, फाइल जतन केली, विम पुन्हा उघडला... कॉमेंट करडीच! अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं. प्रत्येक रंगसंगतीच्या फाइलची जवळपास पहिलीच ओळ असते ‘हायलाइट क्लिअर’. आधी जे काही ठरवलं असेल त्यावर हरताळ. तेव्हा आपली दुरुस्ती कलरस्कीमच्या ओळीच्या खाली लिहायची. त्याहून पक्कं हवं असेल तर, रंगसंगती बदलली की दर वेळी आपोआप चालेल अशी आज्ञा लावून ठेवायची. तसं केलं. १५ वर्षं तरी झाली, ती ओळ मशीनमागून मशीन माझ्याबरोबर फिरतेय. मधे २०१६ मध्ये विमला टर्मिनलमध्ये एक कोटी सदुसष्ट लाख रंग वापरता येऊ लागले. मी तोच पिवळा ठेवला, फक्त आकडा नव्या पद्धतीने लिहिला: २५५, २१५, ०. २०२२ च्या ९.० आवृत्तीत सोबतच्या जुन्या रंगसंगतीही घासूनपुसून नव्या झाल्या.

ब्राम ऑगस्ट २०२३ मध्ये गेले, ६२ व्या वर्षी. विम त्यांनी कायम फुकट दिला. नुसता उघडला की पहिल्या पडद्यावर ‘युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा’ अशी एक ओळ यायची. १९९४ मध्ये ते तिथे किबाले गावच्या बालकेंद्रात काम करायला गेले होते, तेव्हापासूनची. मी ती ओळ इतक्या वेळा पाहिली होती की दिसेनाशी झाली होती. त्या दिवशी बातमी वाचून मुद्दाम विम नुसताच उघडला आणि ती नीट वाचली.

परवा ऑफिसात एक नवीन मुलगी आली. तिला सर्व्हर दाखवत होतो. माझ्या खिडकीत पिवळ्याधमक कॉमेंट बघून म्हणाली, “सर, हे जरा जास्तच नाही का होत?” मी तिला काकूंची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली, मान डोलावली, आणि जागेवर जाऊन स्वतःच्या मशीनवर कॉमेंट गुलाबी केल्या. मी मागून वाकून पाहिलं. लांबूनही वाचता येत होत्या.